पावसाळ्यात पाणी निवळणे पुरेसे नाही
पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की तुरटी फिरवण्याची पद्धत घरोघरी आहे; मात्र तुरटीने गाळ तळाशी बसला, तरी पटकी, विषमज्वर किंवा कावीळ पसरवणारे सूक्ष्मजीव पूर्णपणे नाहीसे होत नाहीत, म्हणून निवळलेले पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर किमान १ मिनिट तसेच उकळू द्यावे. नुसती वाफ दिसणे म्हणजे उकळणे नव्हे. पाणी त्याच भांड्यात झाकून निववावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच घ्यावे, कारण बोटांसकट बुडवलेला पेला सारे श्रम वाया घालवतो. क्लोरीनची गोळी टाकल्यास ३० मिनिटे थांबावे. तरीही क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी तिला दाद देत नाहीत. घरात गर्भवती असल्यास हयगय नको, कारण दूषित पाण्यातून होणारा काविळीचा प्रकार, हेपॅटायटिस ई, तिच्या जिवावर बेतू शकतो.