वादग्रस्त पुतळा हलवायचा असेल तर

चौकातल्या जुन्या पुतळ्यावर वाद पेटला की पालिकेत आधी क्रेनची चौकशी होते. खरं तर क्रेनचं काम शेवटचं.

पहिलं काम कागदांचं. पुतळा कोणाच्या मालकीचा, कोणी दिला, जागा कोणाची, हे जुन्या ठरावांतून काढा. 100 वर्षांहून जुनं शिल्प 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं. ते संरक्षित स्मारक आहे का किंवा वारसा यादीत आहे का, तेही बघा. असेल तर नुसत्या सभागृहाच्या ठरावावर हात लावता येत नाही. पुतळा कुठे जाणार हे ठरावातच लिहा. ‘सुरक्षित स्थळी’ एवढंच लिहिलं की तो पालिकेच्या गोदामात भंगाराशेजारी पडतो.

हलवायलाच हवा असं नाही. शेजारी नवी पाटी लावूनही भागतं. पण मजकूर आधी पक्का करा, पाटी नंतर ओता. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात गुलामांच्या व्यापारात पैसा कमावलेल्या एडवर्ड कोलस्टनच्या पुतळ्यासाठी अशी पाटी तयार झाली होती. 2019 मध्ये शब्दांवरून बिनसलं आणि ती लागलीच नाही. 7 जून 2020 ला जमावाने पुतळा ओढून बंदरात टाकला. पाटीवर 60-70 शब्द पुरेत: कोण, काय केलं, पुतळा कोणी आणि कधी उभारला. विशेषणं गाळा, भांडणं तिथेच सुरू होतात.

कोणी डांबर किंवा रंग फासला असेल तर लगेच घासायला घेऊ नका. आधी फोटो, पंचनामा. संगमरवरावर अ‍ॅसिड अजिबात नको, दगडच विरघळतो. तारेच्या ब्रशने ब्राँझवरचा जुना थर जातो, तो परत येत नाही. डांबरासाठी कागदाचा लगदा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवून लेप द्यायचा, वर प्लास्टिक. 24 तासांनी काढायचा, गरज पडली तर पुन्हा द्यायचा. आधी पाठीमागे दोन सेंटिमीटरवर करून बघा. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला दामोदर चाफेकरांनी डांबर फासलं, तेव्हा ते काढायला त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनतज्ज्ञ लागला होता.

आता वजन. ब्राँझ आतून पोकळ असतं: 10 चौरस मीटर पृष्ठभाग आणि 6 मिलिमीटर जाडी धरली तर साधारण 520 किलो, आतला लोखंडी सांगाडा वेगळा. संगमरवर भरीव, दोन घनमीटर म्हणजे 5.4 टन. क्रेनवर लिहिलेला टनांचा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, आखूड असतानाचा असतो. बूम लांबवला की क्षमता झपाट्याने उतरते, म्हणून ऑपरेटरकडून लोड चार्ट, म्हणजे कोणत्या लांबीला किती वजन उचलतं याचा तक्ता, मागून घ्या. साखळी किंवा वायर रोप नको. रुंद पॉलिस्टरचे पट्टे, खाली जाड फेल्ट. पट्टा मानेला, हाताला, तलवारीला कधीच नाही. संगमरवरी पुतळा घोट्यापाशी तुटतो, म्हणून बैठकीखालून उचला आणि वरचे पट्टे फक्त तोल सांभाळायला ठेवा. चौथऱ्यात लोखंडी खिळे असतात. ते गंजून फुगलेले असले तर आधी सांध्यातून कापायचे. न कापता क्रेनने ओढलं की बैठक तडकते. बोटभर उचलून पाच मिनिटं थांबा, कुठे करकरतंय का ऐका, मगच वर घ्या.

ब्राँझ उतरलं की पोकळीत टॉर्च मारा. कोलस्टनच्या आत 1895 चं मासिक सापडलं, त्यावर पुतळा बसवणाऱ्यांची नावं होती. तिथल्या संग्रहालयाने गाळ धुतला, आंदोलकांनी फासलेला रंग मात्र राखला आणि पुतळा आडवाच मांडला. तेही बरोबरच, कारण तो रंग आता पुतळ्याच्या इतिहासात जमा आहे.

नेऊन ठेवायला संग्रहालय सगळ्यात बरं. पणजीतला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कचा पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. मुंबईतला काळा घोडा, म्हणजे एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा, 1965 मध्ये राणीच्या बागेत गेला. राजा कोणाच्या लक्षात नाही, चौक आजही काळा घोडाच.

मोकळा चौथरा मात्र आठवडाभरही तसा सोडू नका. रातोरात त्यावर दुसरा पुतळा येतो. सार्वजनिक रस्त्यांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे. काळ्या घोड्याच्या चौकात 2017 मध्ये स्वाराविना घोडा बसवला गेला. असं काही बसवणं जमणार नसेल तर चौथऱ्याचे दगड क्रमांक घालून उतरवा आणि पुतळ्याबरोबरच पाठवा.