19 वर्षं शेडमध्ये उभी असलेली पद्मिनी घरच्यांना सोबत घेऊन कशी चालू करायची

पहिले चावी लपवून ठेवा. खरंच सांगतो. आमच्या नागपूरच्या प्रतापनगरातल्या घरी टिनाच्या शेडमध्ये आजोबांची 1982 ची प्रीमियर पद्मिनी 19 वर्षं उभी होती, अन मी शहाण्यानं काय केलं तर दिवाळीच्या सुट्टीत बाजूवाल्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून थेट सेल्फच मारला. कट्ट असा एक आवाज आणि डॅशबोर्डखालून धूर. उंदरांनी वायरीचं प्लास्टिक कुरतडून ठेवलं होतं, आत नुसतं तांबं. बाबा अंगणातून ओरडले, "काय करून राहिला बे? इंजिन हातानं फिरवून पाहिलं का आधी?" नव्हतं पाहिलं, म्हणून तर हे लिहून राहिलो.

हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत काढा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, टिनाखाली माणूसच बंद पडते. आणि एका रविवारचं काम नाही हे, आम्हाला पाच रविवार लागले.

सुरुवातीला बॅटरी काढून बाजूला ठेवा, चाकांना समोरून-मागून विटा लावा, बोनेट उघडून उंदरांची घरटी काढा. एअर फिल्टरचा डबा हमखास उघडून बघा, आमच्यात गोधडीचा कापूस आणि शेंगांची टरफलं निघाली. वायरिंग खाल्लेलं असेल तर तिथेच थांबा, आधी ते दुरुस्त करून घ्या. रेतीची बादली हाताशी पाहिजेच, पेट्रोलचं काम आहे.

आता घरच्यांची कामं वाटून द्या, नाहीतर सगळे बोनेटमध्ये डोकं घालून उभे राहतात. आईनं तिचा जुना मिसळणाचा डबा दिला, त्याच्या सात वाट्यांत सात जागचे नटबोल्ट, एकही हरवला नाही. भाचीनं प्लगच्या चारही वायरींना पट्टी लावून 1, 2, 3, 4 लिहिलं, कारण एकदा अदलाबदल झाली की गाडी फटाके फोडते, चालू होत नाही. मोठे बाबा खुर्चीवर बसून चहा पीत फक्त चुका सांगत होते, पण त्यांच्या तीन सूचना बरोबर निघाल्या म्हणून त्यांनाही ठेवा. ज्यानं ती गाडी चालवली त्याला तिच्या खोडी माहीत असतात.

मग इंजिन. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑईल सोडा, भोकांवर स्वच्छ फडकं टाका आणि दोन दिवस विसरून जा. पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंज धरून बसलेल्या असू शकतात, तेल खाली झिरपायला वेळ लागतो. नंतर गाडी न्यूट्रलला घेऊन समोरून हॅन्डल, म्हणजे इंजिन हातानं फिरवायचा लोखंडी दांडा, घाला आणि हळू फिरवा. इथे बाबांनी माझा हात धरून दाखवलं ते लिहितो: अंगठा हॅन्डलला गुंडाळायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि हॅन्डल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. प्लग लावल्यावर इंजिन कधी उलटा झटका देते तेव्हा हॅन्डल बोटांतून सुटून जायला पाहिजे, अंगठा गुंडाळलेला असला की मनगट गेलं. आजोबांचं एकदा गेलं होतं म्हणे, म्हणून बाबांना इतकं पक्कं लक्षात.

फिरत नसेल तर जोर लावू नका. परत तेल, परत दोन दिवस. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून दोघांनी गाडी हलकेच पुढे-मागे झुलवायची. आमची तिसऱ्या दिवशी सुटली, आतून 'सुर्र' असा आवाज आला आणि आईनं स्वयंपाकघरातून विचारलं काय झालं.

जुनं ऑईल काढून टाका. त्याआधी डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) बघा आणि हुंगा पण. ऑईल दुधट दिसलं तर पाणी शिरलंय, पेट्रोलचा वास आला तर बहुतेक इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय, दोन्हीत पुढे जायचं नाही. नवीन 20W-40 इंजिन ऑईल भरून, प्लग बाहेरच ठेवून, आता कुठे बॅटरी लावून सेल्फ मारायचा, तोही दहा-दहा सेकंद, मध्ये दम घेऊन. ऑईलचा लाल दिवा विझला म्हणजे ऑईल वर चढलं. तो विझेपर्यंत प्लग लावू नका.

टाकीतलं पेट्रोल कधीच मेलेलं असतं, वार्निशसारखा वास येतो. काढून टाका, मोरीत ओतू नका बाप्पा. टाकी साफ होईपर्यंत एका धातूच्या कॅनमध्ये दोन लिटर ताजं पेट्रोल घेऊन नव्या पाईपनं पंपाला जोडा, कॅन इंजिनपासून लांब. जुने रबरी पाईप सगळेच बदला, हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, जुनं रबर त्यात फुगते नाहीतर तडकते. कार्बोरेटर उघडला की तळाशी पिवळी राळ दिसेल, क्लीनरनं धुवा आणि जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकात, तार खुपसू नका, हवा मारा. तारेनं भोक मोठं झालं की गाडी जन्मभर पेट्रोल पिते.

करंटसाठी डिस्ट्रिब्युटरचे (चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डब्याचे) पॉईंट बारीक पॉलिश पेपरनं घासा, गॅप साधारण 0.4 मिलिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून. प्लग बॉडीला टेकवून सेल्फ मारला की ठिणगी निळी पाहिजे. पिवळी आली तर कन्डेन्सर बदलून बघा. ठिणगी बघताना पेट्रोल लांब ठेवा, आणि प्लगची भोकं झाकलेली.

रेडिएटरमध्ये पाणी, होजचे क्लिप घट्ट, शेडचं दार सताड उघडं. पोरांना बाजूला करा. चोक ओढा, सेल्फ मारा. आमची चौथ्या वेळी लागली, आणि इतका निळा धूर झाला की समोरच्या काकू पाण्याची बादली घेऊन आल्या. घाबरू नका, ते सिलेंडरमध्ये टाकलेलंच तेल जळते, पाच-दहा मिनिटांत कमी होते. रेस देऊ नका, लाल दिव्याकडे बघत राहा. बाबा काहीच बोलले नाहीत, नुसता बोनेटवर हात ठेवून उभे होते.

चालू झाली म्हणजे चालवायची असं नाही. चारही चाकांचे ब्रेक ड्रम उघडून व्हील सिलेंडरचे रबर बदला, ब्रेक ऑईल नवीन, आणि टायरला नक्षी कितीही दिसू दे, 19 वर्षांचा टायर म्हणजे भंगार. कागदपत्रं पण बघा: 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागते, शिवाय ग्रीन टॅक्स, इन्शुरन्स, पीयूसी. 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद पाहिजे असेल तर पहिल्या रजिस्ट्रेशनपासून 50 वर्षं झालेली पाहिजेत, म्हणजे आमची अजून तरणीच आहे.

पहिली फेरी फक्त गल्लीत. सगळे कागद हातात आल्यावर दुसरी सकाळी सहाला तेलंखेडीच्या मारुतीपर्यंत, येताना तर्री पोहे. परतताना ऊन चढलं आणि गाडी झटके देऊन बंद. पंप तापून पेट्रोलची वाफ झाली होती. आईनं पर्समधून ओला नॅपकिन काढून बाबांच्या हातात दिला, त्यांनी तो पंपावर ठेवला, दहा मिनिटं थांबलो, लागली. तिला हे 1982 पासून माहीत होतं, आम्हीच विचारलं नव्हतं.

दीड-दोनशे किलोमीटर झाले की ऑईल परत बदला, जुना गाळ सुटून त्यात आलेला असतो.