धूप कोन अर्ध्यावर विझायचे, ते कसं सुटलं

घरी धूप कोन करायला घेतले आणि पहिले सगळेच्या सगळे अर्ध्यावर विझले. मला वाटलं ओले राहिलेत, म्हणून कडक उन्हात ठेवले तर तडे गेले, आणि विझायचे ते विझतच होते! मग नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की वासाच्या हौसेपायी मी लोबान आणि गुग्गुळ जवळजवळ निम्मं घातलं होतं. हे डिंकासारखे पदार्थ आधी वितळतात, स्वतःहून धुमसत राहत नाहीत, धुमसते ती लाकडाची पावडर. पुढच्या वेळी १० चमचे मिश्रणात चंदन पावडर ६, जिगट (झाडाच्या सालीची चिकट पावडर, मिश्रण बांधून ठेवते) ३ आणि लोबान फक्त १, तेही अगदी बारीक वाटून चाळून (जाड कण राहिला की तिथेच विझतं, हे पण तेव्हाच कळलं). पाणी थोडं थोडं घालत कणकेसारखं मळलं, कोन जरा बारीक वळले आणि सावलीत ५-६ दिवस वाळवले, रोज उलटून. फॅनखाली नाही ठेवायचे, बाहेरून वाळतात आणि आत ओल राहते. आता टोकापासून बुडापर्यंत जळतात. वास आधीपेक्षा सौम्य येतो, पण मला तोच आवडला.