परतीचा पाऊस, खुरासणी आणि दिवाळीची घाई
पुणे जिल्ह्यातील लहान मधपाळांसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबरचा सल्ला

थंड देशांतले मधपाळ ऑक्टोबर आला की मधपेट्या गुंडाळून बंद करतात. त्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही काही जण दसऱ्याला पेट्यांवर गोणपाट चढवतात. पुण्याच्या हवेत हे उलटे काम झाले. इथे माशांची उपासमार होते ती जून ते ऑगस्टच्या झडीत. हस्ताचा पाऊस सरून ऊन पडले की पेटी जागी होते आणि तिचे वर्ष सुरू होते. म्हणून सप्टेंबर हा माशा सावरण्याचा महिना, ऑक्टोबर खुरासणीच्या (कारळ्याच्या) फुलोऱ्याचा आणि मध काढायचा तो त्यानंतर. अडचण एवढीच की मधेच दिवाळी येते आणि माशांनी मध पिकवण्याआधी गिऱ्हाईक दारात उभे राहते.

पावसाने काय करून ठेवले ते आधी पाहा

कोरड्या दिवशी सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान पेटी उघडा. सुरुवात तळपाटापासून करा. तिथे ओला भुसा, मेणाचा चुरा आणि त्यात काळे बारीक दाणे दिसले तर वरच्या पोळ्यात मेणकिडा शिरला आहे असे समजा. काळे दाणे म्हणजे त्याच्या अळीची विष्ठा. तळपाट पटाशीने खरवडून उन्हात वाळवा. कचरा पेटीजवळ न टाकता जाळा.

मग माशांनी झाकलेल्या चौकटी मोजा. पेटीत आठ चौकटी आहेत आणि माशा चारच झाकतात, तर उरलेल्या चार आजच बाहेर काढा आणि मधे आडवी फळी लावून जागा आटवा. माशांचा पहारा नसतो नेमक्या त्याच पोळ्यावर मेणकिडा अंडी घालतो. औषध शोधण्याआधी एवढे केले तरी निम्मे नुकसान टळते. काळे, जुने, जड झालेले पोळे वितळवून मेण करा. चांगली रिकामी पोळी दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवून मग हवाबंद पिशवीत भरा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या मात्र त्यांच्याजवळही नकोत, तो वास मेणात आणि मेणातून मधात उतरतो.

राणी शोधत बसू नका. पोळ्यातल्या कोठडीच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक, उभे, एकेकच अंडे दिसले की राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती. एका कोठडीत तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, म्हणजे राणी गेली आणि कामकरी माशा अंडी घालू लागल्या. अशी वसाहत सुधारण्यात वेळ घालवू नका.

तीन चौकटींपेक्षा कमी माशा असतील तर दोन वसाहती एकत्र करा. कमजोर वसाहतीची राणी आदल्या दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सशक्त पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, त्याला टाचणीने दहा-बारा भोके पाडा आणि वर कमजोर वसाहतीची कोठी ठेवा. कागद कुरतडेपर्यंत दोन-तीन दिवस जातात, तोवर दोन्हींचा वास एक होतो. थेट एकमेकींत घातल्या तर सकाळी दारात मेलेल्या माशांचा ढीग दिसेल. पेट्यांची संख्या घटते म्हणून मधपाळ हे टाळतात. पण पाच मरतुकड्या पेट्यांपेक्षा तीन भरलेल्या पेट्या केव्हाही जास्त मध देतात.

साखरपाणी : किती, कधी, आणि कधी थांबवायचे

एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळून खाली उतरवा, मग साखर विरघळवा. साखर घालून पाक चुलीवर ठेवू नका, करपलेली साखर माशांना बाधते. यातून साधारण १.६ लिटर पाक होतो. सातेरी या देशी मधमाशीच्या चार-पाच चौकटींच्या वसाहतीला रोज संध्याकाळी २०० ते २५० मिली पुरतो. मेलिफेरा या परदेशी मधमाशीला त्याच्या दुप्पट. सकाळी भांड्यात पाक उरला असेल तर माप कमी करा, नाहीतर तो आंबतो. भांड्यात काड्या टाका, नाहीतर माशा बुडून मरतात.

गूळ देऊ नका, त्याने माशांना हगवण लागते. बाजारातला मधही देऊ नका, त्यातून दुसऱ्याच्या पेटीचा रोग आपल्याकडे येतो. पाक दिवसा दिला किंवा एका पेटीला देऊन दुसरी उपाशी ठेवली की लूटमार सुरू होते. दारात झटापट आणि झाकणाच्या फटी हुंगणाऱ्या माशा दिसल्या तर लगेच दार एका बोटाएवढे करा आणि पेटीवर ओले फडके टाका.

शेतात खुरासणी दिसू लागली आणि माशांच्या पायांवर नारिंगी-पिवळे गोळे येऊ लागले की साखरपाणी बंद. त्यानंतर आठ-दहा दिवसांनीच मधकोठी (मध साठवण्याची वरची पेटी) चढवा. पाक चालू असताना वर रिकामी मधकोठी ठेवली तर माशा तो पाक प्रामाणिकपणे वर नेऊन भरतात. मधात उसाची साखर (सुक्रोज) ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि प्रयोगशाळेत हे लपत नाही.

गांधीलमाशी, मुंग्या आणि पेटी सोडण्याची चिन्हे

ऑगस्ट ते ऑक्टोबर गांधीलमाशीचा जोर असतो. ती दारासमोर घिरट्या घालून परतणाऱ्या माशा उचलते. दाराची उंची आठ मिलिमीटरच्या आत ठेवा म्हणजे ती आत शिरणार नाही. सकाळ-संध्याकाळ बॅडमिंटनच्या जुन्या रॅकेटने मारा. हसण्यासारखा वाटला तरी हा उपाय चालतो. मुंग्यांसाठी स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि त्यात थोडे जळके तेल टाका. वाटी भरलेली असूनही मुंग्या चढत असतील तर गवताचे एखादे पाते पेटीला टेकलेले सापडेल. थंडीकडे वेडे राघू तारांवर रांगेने बसू लागतात. त्यांना इजा करू नका, पेट्या झाडाच्या फांद्यांखाली सरकवा. वेडा राघू उघड्या हवेत झेप घेऊन माशी पकडतो, दाट फांद्यांत त्याला ते जमत नाही.

सातेरी रुसून जाते असे म्हणतात, पण ती आधी सांगून जाते. अंडी दिसत नाहीत, पराग आणणे थांबते, साठवलेला मध संपत येतो आणि पिलावा (अंडी, अळ्या आणि कोष) जवळजवळ उरत नाही. एवढे दिसले की दुसऱ्या पेटीतली उघड्या अळ्यांची एक चौकट तिला द्या, दोन-तीन दिवस पाक द्या आणि दाराला राणीजाळी लावा, तिच्यातून कामकरी माशा ये-जा करतात पण राणी अडते. अळ्या सोडून माशा सहसा जात नाहीत.

मेलिफेरावरचा कोळी

सातेरी व्हरोआ या माशीवर जगणाऱ्या बारीक परजीवी कोळ्याला स्वतःच बऱ्यापैकी आवरते, मेलिफेराला ते जमत नाही. पिलाव्याच्या चौकटीवरून साधारण १२० मिलीच्या पेल्यात माशा घ्या, अंदाजे ३०० भरतात. राणी त्यात नाही याची खात्री करा. बरणीला तीन मिलिमीटर जाळीचे झाकण लावा, दोन चमचे पिठीसाखर घालून बरणी फिरवा, दोन मिनिटे थांबा आणि पाण्याच्या ताटलीवर झटका. साखर विरघळते, तांबूस कोळी तरंगतात. नऊ किंवा जास्त दिसले, म्हणजे शंभर माशांमागे तीन, तर उपचार लागतो. माशा परत पेटीत सोडा, साखर त्या चाटून साफ करतात.

८५ टक्के फॉर्मिक ॲसिड ५ मिली, लहान बाटलीत कापसाची वात घालून, दहा चौकटींच्या पेटीला रोज एक बाटली, १४ दिवस. हे सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत आणि मधकोठी चढवण्याआधीच करा. ऑक्टोबरच्या उन्हात वाफ एकदम सुटते, माशा दाराबाहेर लटकतात आणि राणी मरू शकते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका.

सातेरीत अळी कोठडीत ताठ, टोक वर करून मेलेली आणि पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी निघाली तर तो थाई सॅकब्रूड. हा विषाणू आहे, प्रतिजैविक देऊन उपयोग नाही, उलट त्याचा अंश मधात राहतो. ती पेटी लांब न्या, तिच्या चौकटी दुसरीकडे वापरू नका आणि पटाशी जाळावर धरून घ्या. शंका असेल तर पोळ्याचा तुकडा घेऊन गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत विचारा. १९६२ पासून ही संस्था पुण्यातच आहे.

पेटी कुठे ठेवाल

मावळ, मुळशी, भोर, वेल्हे आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरला खुरासणी पिवळी होते. कड्यांवर सोनकी असते. बोरी आणि रानतुळस हातभार लावतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते, फुलली तर सोन्याहून पिवळे, पण तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका. शिरूरकडची बाजरी आणि मका फक्त पराग देतात. पिलावा वाढतो, मध येत नाही. पुढे नोव्हेंबरात तूर आहे. पुरंदरला सीताफळ आणि अंजिराच्या बागा पाहून पेट्या नेणारे असतात. सीताफळाचे परागीभवन बारीक भुंगेरे करतात, अंजिराचे फूल फळाच्या पोटात असते. दोन्हींतून मधाचा थेंब मिळत नाही.

खुरासणी दहा टक्के फुलल्यावर पेट्या न्या, एकरी दोन. आधी नेल्या तर माशांना दुसऱ्या फुलाची सवय लागते. हलवायच्या तर रात्री, आणि तीन किलोमीटरच्या पुढे. अर्ध्या किलोमीटरवर हलवलेल्या पेटीच्या माशा जुन्या जागी परततात आणि संध्याकाळी रिकाम्या जमिनीवर गोळा होतात.

मध काढण्याची घाई

दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर खुरासणीचा मध तोवर पिकलेला नसतो. चौकट आडवी धरून एक झटका द्या. थेंब उडाले तर तो अजून मकरंदच आहे, परत ठेवा. तीन चतुर्थांश कोठड्या मेणाने बंद झाल्यावरच चौकट काढा. तेवढ्यावरही विसंबू नका. परतीच्या पावसाच्या दमट हवेत बंद कोठड्यांतही, विशेषतः सातेरीच्या मधात, पाणी २१-२२ टक्के निघते. नियमाची मर्यादा २० टक्के आहे. मधातले पाणी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर विकत घ्या आणि तीन-चार चौकटींतून वेगवेगळे थेंब तपासा.

पाणी जास्त असेल तर उपाय मधयंत्रात घालण्याआधीच करा. चौकटी लहान बंद खोलीत, मधकोठ्या आडव्या-उभ्या रचून, पंखा आणि हवेतली ओल खेचणारे यंत्र लावून एक-दोन दिवस ठेवा. काढलेल्या मधातून पाणी कमी करणे घरगुती साधनांनी जमत नाही. गॅसवर आटवलात तर सुगंध जातो आणि एचएमएफ (मध तापवला की वाढणारे रसायन) वाढते, त्याचीही किलोला ८० मिलीग्रॅमची मर्यादा आहे. ओला मध बाटलीत भरलात तर महिन्याभरात फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि झाकण फुगते. गिऱ्हाईक भेसळ समजते, आणि त्याला काय सांगणार?

दिवाळीसाठी खरा माल एप्रिल-मेचा, जांभूळ-हिरड्याचा. दरवर्षी त्यातला तिसरा हिस्सा घट्ट झाकणाच्या डब्यात राखून ठेवा. यंदा तो संपला असेल तर दिवाळीत नोंदणी घ्या आणि माल नोव्हेंबरात पोचवा. खालच्या कोठीतला मध अजिबात काढू नका. डिसेंबरच्या थंड रात्री माशा त्याच्यावरच काढतात.

बाटल्या घेताना एक चूक नेहमी होते. मध पाण्यापेक्षा जड, एका लिटरला सुमारे १.४ किलो. म्हणजे अर्धा किलो मधाला साधारण ३६० मिलीची बाटली लागते. ५०० मिलीच्या बाटल्या आणल्यात तर प्रत्येकीत ७०० ग्रॅम मध जाईल, नाहीतर अर्धा किलोची बाटली गळ्याखाली रिकामी दिसेल. गाळताना आणि भांड्यांना चिकटून थोडा मध जातोच, दहा किलोला साडेनऊ किलो धरून दर काढा. लेबलवर निव्वळ वजन, बॅच, महिना-वर्ष, किंमत, नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक हवा. एक वर्षाच्या आतील बाळाला देऊ नये, हेही छापा.

खुरासणीचा मध थंडीत हमखास गोठतो. हे विकतानाच सांगा. बाटली ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात ठेवली की तो पातळ होतो. पाण्यात थेंब टाकणे किंवा काडी पेटवणे या परीक्षांनी शुद्धता कळत नाही. गिऱ्हाइकाला दाखवायच्या नादातही त्या करू नका.

तुरीची फवारणी आणि पुढची सोय

नोव्हेंबरात तूर फुलली की शेंग पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी होते. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना आत्ताच फोन नंबर देऊन ठेवा आणि फवारणी सूर्यास्तानंतर करायला सांगा. दिवसा होणारच असेल तर आदल्या रात्री दाराला जाळी लावा, झाकणाखाली हवेला फट ठेवा, आत पाण्याचे ओले स्पंज द्या आणि दुपारच्या आत दार उघडा. बंद पेटी उन्हात ठेवली तर माशा औषधाऐवजी उकाड्याने मरतात.

पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरे लटकू लागली की वसाहत फुटायच्या बेतात आहे. वेळीच विभाजन करा. जुनी राणी, पिलाव्याच्या दोन आणि मधाची एक चौकट घेऊन नव्या पेटीत न्या. जुन्या जागी एकच चांगले राणीघर ठेवा. नवी राणी अंडी घालू लागायला तीनेक आठवडे लागतात, तोवर ती पेटी उघडू नका.

खेड, जुन्नर, शिरूरचे कांदा बीजोत्पादक जानेवारीत पेट्या भाड्याने मागतात. बोलणी नोव्हेंबरातच करा आणि कागदावर घ्या : पेटीत माशांनी झाकलेल्या किमान किती चौकटी, किती दिवस, पाण्याची सोय कोण करणार, आणि फुलोऱ्यात न विचारता फवारणी झाली तर पेटीमागे किती भरपाई.