टेक्नो-थ्रिलर चित्रपटाची बलस्थाने आणि उणिवा कशा पारखाव्यात

टेक्नो-थ्रिलर, म्हणजे ज्याची उत्कंठा यंत्रावर किंवा विज्ञानावर उभी असते असा थरारपट, पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांमध्ये बहुधा दोन तट पडतात. ज्याला संगणकाची किंवा विज्ञानाची थोडीफार जाण आहे तो ‘असे प्रत्यक्षात होतच नाही’ म्हणून चित्रपट निकालात काढतो, आणि दुसरा ‘चित्रपटच तर आहे’ म्हणून सारे काही माफ करतो. परीक्षण लिहू पाहणाऱ्याला यांपैकी कोणतीच भूमिका पुरत नाही. या प्रकारातला थरार यंत्राच्या सामर्थ्याइतकाच त्याच्या मर्यादांतून जन्माला येतो. म्हणून चित्रपटाने स्वतः आखलेल्या मर्यादा तो शेवटपर्यंत पाळतो का, हे तपासणे परीक्षकाचे पहिले काम आहे.

चित्रपट शक्यतो दोनदा पाहावा. पहिल्या वेळी वही जवळ ठेवू नये. कोठे श्वास रोखला गेला आणि कोठे लक्ष उडाले, एवढेच मनाशी नोंदवावे, कारण ही पहिली प्रतिक्रिया नंतर कितीही विचार केला तरी परत मिळवता येत नाही. दुसऱ्या वेळी मात्र लिहीत पाहावे. कथेतले यंत्र, विषाणू किंवा पाळत ठेवण्याची यंत्रणा काय करू शकते, काय करू शकत नाही, तिला किती वेळ लागतो आणि ती कोणाच्या ताब्यात आहे, हे नियम ज्या क्षणी प्रेक्षकाला कळतात तो क्षण वहीत नोंदवावा. एखादी कुलूपबंद यंत्रणा ‘अभेद्य’ असल्याचे पहिल्या वीस मिनिटांत सांगून नंतर नायकाने ती कशी भेदली हे दाखवले, तर ते कथानकाचे बळ होय. पण नायक संकटात सापडल्यावर त्याच दृश्यात ‘या यंत्राला एक गुप्त मार्गही आहे’ असे कळले, तर तो गुप्त मार्ग पटकथाकाराने स्वतःच्या सुटकेसाठी खणलेला असतो. माझ्या अनुभवात या प्रकारातल्या बहुतेक चित्रपटांचा उत्तरार्ध नेमका येथेच ढासळतो.

बलस्थान आणि उणीव एकाच चित्रपटात कशी शेजारी नांदतात, हे पाहण्यासाठी १९८३ सालचा जॉन बॅडम दिग्दर्शित ‘वॉरगेम्स’ फार उपयोगी आहे. त्यातला शाळकरी मुलगा मोडेमच्या, म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या यंत्राच्या, साहाय्याने एकामागून एक दूरध्वनी क्रमांक फिरवून संगणक शोधतो, आणि ही पद्धत इतकी नेमकी दाखवली होती की पुढे तिला ‘वॉर डायलिंग’ हेच नाव पडले. लष्करी संगणकात शिरण्यासाठी तो कळफलकावर बोटे नाचवत बसत नाही. तो ग्रंथालयात जातो, संगणक घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे आयुष्य वाचून काढतो आणि त्या आयुष्यातल्या एका दुःखातून परवलीचा शब्द ओळखतो. पासवर्ड माणसे निवडतात आणि माणसे ओळखता येतात, हे सत्य येथे कथेच्या गाभ्याशी आहे.

त्याच चित्रपटाच्या अखेरीस संगणक क्षेपणास्त्रे सोडण्याचा दहा अक्षरांचा संकेत एकेक अक्षर करून शोधतो. २६ अक्षरे आणि १० अंक धरले तर पूर्ण संकेतासाठी ३६ लाख अब्जांहून अधिक शक्यता होतात. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे बरोबर ठरवता आले तर जास्तीत जास्त ३६० प्रयत्न पुरतात. इतकी मोठी सूट कोणताही समंजस रचनाकार यंत्रणेत ठेवणार नाही, म्हणून तांत्रिकदृष्ट्या ही चूकच आहे. तरीही संकट किती जवळ आले हे त्यामुळे पडद्यावर डोळ्यांना दिसते, आणि दृश्याची उत्कंठा त्यावरच उभी आहे. मी ही चूक नोंदवीन, पण तिला फार गुण कापणार नाही. बाहेरच्या कोणाला लष्करी संगणकात शिरता येईल का, हा चित्रपटाने विचारलेला मूळ प्रश्न खरा होता: अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जून १९८३ मध्ये हा चित्रपट पाहिल्यावर ‘असे खरोखर घडू शकते का’ असे आपल्या सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्याला विचारले, आणि सप्टेंबर १९८४ मध्ये अमेरिकी सरकारने संगणक-सुरक्षेविषयी धोरणात्मक आदेश काढला.

यावरून तांत्रिक चुका कशा तोलाव्यात याची दिशा मिळते. काही चुका निरुपद्रवी असतात. पडद्यावर दिसणाऱ्या आयपी पत्त्यात, म्हणजे जाळ्यातल्या संगणकाची ओळख सांगणाऱ्या, टिंबांनी वेगळ्या केलेल्या चार आकड्यांत, २५५ पेक्षा मोठा आकडा असेल तर तो पत्ता अस्तित्वात असूच शकत नाही, पण खऱ्या कोणाचा पत्ता दाखवला जाऊ नये म्हणून तो मुद्दामही तसा ठेवला जातो. त्यावर परीक्षणातली ओळ खर्च करू नये. काही चुका वेळ वाचवण्यासाठी असतात, जसे तासांचे काम सेकंदांत होणे, आणि त्या बहुधा क्षम्य असतात. तिसऱ्या प्रकारच्या चुका मात्र कथाच फोडतात. चार-पाच पिक्सेलांत मावणारा धूसर चेहरा ‘मोठा करा, स्पष्ट करा’ म्हणताच ओळखू येतो आणि त्याच पुराव्यावर पुढचा सगळा पाठलाग उभा राहतो, तेव्हा जी माहिती छायाचित्रात कधी टिपलीच गेली नाही तिच्यावर कथानक बांधलेले असते. अशी चूक स्पष्ट शब्दांत दाखवून द्यावी.

उलट अचूकपणाचेही अवाजवी कौतुक करू नये. २००३ सालच्या ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’मध्ये ‘एनमॅप’ हे जाळ्यातले संगणक आणि त्यांच्यात शिरण्याच्या वाटा शोधणारे खरे साधन वापरलेले काही सेकंद दिसते. जाणकारांना त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता, पण तेथे खोटे साधन असते तरी त्या दृश्यातला ताण कमी झाला नसता. अचूकपणामुळे ताण वाढला तरच तो बलस्थान म्हणून मोजावा. रॉबर्ट वाइज यांच्या १९७१ सालच्या ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’मध्ये तो तसा वाढतो. शास्त्रज्ञ भूमिगत प्रयोगशाळेच्या एकेका पातळीवर निर्जंतुक होत खाली उतरतात. हा भाग संथ आहे, आणि त्या संथपणामुळेच आपल्याला त्या जागेच्या शिस्तीवर विश्वास बसतो. मग कळते की संदेशयंत्राच्या घंटेत कागदाची एक चिंधोटी अडकल्यामुळे महत्त्वाची सूचना कोणाच्या कानावर गेलीच नाही. एवढ्या कडेकोट व्यवस्थेला कागदाचा कपटा अडवतो, आणि यंत्राचा असा छोटा, कारणासहित बिघाड मला कोणत्याही स्फोटापेक्षा अधिक भयावह वाटतो.

यानंतर माणसांकडे वळावे. यंत्र बाजूला काढले तर पात्रापुढे निर्णय उरतो का, हे स्वतःला विचारावे. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या १९७४ सालच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’मध्ये दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करणारा तंत्रज्ञ गजबजलेल्या चौकातला एक संवाद अनेक फितींतून जुळवतो. शब्द त्याला लख्ख ऐकू येतात. बोलणाऱ्याने जोर कोणत्या शब्दावर दिला आहे आणि त्यामुळे अर्थ काय होतो, हे त्याचे यंत्र सांगू शकत नाही. त्याच्या अपराधी मनाने ती पोकळी भरली जाते. तंत्र आणि माणूस यांचा सांधा असा घट्ट असला की खलनायकाची फारशी गरजच उरत नाही. ज्या चित्रपटात नायक केवळ ‘हुशार’ आहे आणि खलनायकाला ‘जग नष्ट करायचे’ आहे, तेथे ही सर्वांत मोठी उणीव समजावी, मग त्यातली उपकरणे कितीही देखणी असोत.

छायाचित्रण आणि संकलन पाहताना एकच कसोटी पुरे: कळफलक आणि संगणकाचा पडदा यांखेरीज दिग्दर्शकाला दाखवण्यासारखे काही सापडले आहे का. जुना चित्रपट असेल तर त्याचे साल लक्षात ठेवून ‘तेव्हाच्या प्रेक्षकाला काय ठाऊक होते’ या मापाने तो मोजावा.

लिहिताना प्रत्येक मत एका दृश्याशी बांधावे. ‘उत्तरार्ध कमकुवत आहे’ असे लिहिण्याऐवजी कोणता नियम कोठे मोडला आणि त्यामुळे कोणता प्रसंग पोकळ झाला, हे सांगावे. शेवट उघड न करता हे करणे अवघड जाते. अशा वेळी नियम कोठे सांगितला होता ते दृश्य वर्णावे आणि तो पुढे मोडतो एवढेच नोंदवून थांबावे, म्हणजे ज्याने चित्रपट पाहिला आहे त्याला नेमके कळते आणि ज्याने पाहिलेला नाही त्याचा रसभंग होत नाही.