स्पॅनियलची फील्ड ट्रायल: परीक्षक काय पाहतात

स्पॅनियल म्हणजे झुडपातून शिकार उठवणारा कुत्रा आणि फील्ड ट्रायल म्हणजे अशा कुत्र्यांच्या शिकारकामाची रानातली स्पर्धा. ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये दोन स्पॅनियल शेजारच्या पट्ट्यांत, वेगवेगळ्या परीक्षकांसमोर काम करतात. वारा समोरून असेल तर कुत्र्याला डावी-उजवीकडे नागमोडी फिरवा, पण बंदुकीच्या टप्प्यातच. वारा पाठीमागून असेल तर कुत्रा पुढे जाऊन तुमच्याकडे वास घेत परतेल. त्याला अडवू नका. झुडपात दडलेली शिकार मागे राहणं मोठा दोष. शिकार शोधणारं नाक हाच या कुत्र्याचा खरा गुण.

फेझंट (शिकारीचा एक पक्षी) किंवा ससा उठताच कुत्र्याने जागीच थांबायला हवं. पाठलाग केला किंवा भुंकला, की बाद. परीक्षकाने सांगितल्यावरच शिकार आणायला पाठवा. आणलेल्या पक्ष्याच्या फासळ्या परीक्षक बोटांनी चाचपतात. दोन्ही बाजूंनी चेपलेल्या असल्या तर दोष बहुधा कुत्र्याच्या जबड्याचा.