ट्रेकिंग काठ्यांवर हलका तंबू उभारताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याच्या परिसरात पायी भटकणारे अनेक जण पाठीवरचे ओझे कमी व्हावे म्हणून वेगळ्या दांड्या न नेता ट्रेकिंग काठ्यांवर उभा राहणारा तंबू वापरू लागले आहेत. असा तंबू वाकला किंवा रात्री कोसळला की दोष सहसा काठीला किंवा पातळ कापडाला दिला जातो. परंतु काठी केवळ कापड वर उचलून धरते. तंबूला उभे ठेवतो तो मेखांचा आणि दोऱ्यांचा ताण, आणि आपल्या भागात बहुतेक चुका तेथेच होतात.

घाटमाथ्यावरील सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, जांभ्याच्या कातळावर मातीचा जेमतेम बोटभर थर असतो. त्यात मेख दोन-तीन इंच जाऊन अडते, आणि दगडाने ठोकत राहिल्यास अ‍ॅल्युमिनियमची हलकी मेख वाकते. अर्धवट रुतलेल्या मेखेवर विसंबून राहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण वाऱ्याच्या पहिल्या झोतात ती उपटली जाते आणि एका काठीचा ताण सुटताच संपूर्ण तंबू खाली येतो. अशा जागी मेखेचा हट्ट सोडावा. दोरीचे टोक एका लहान दगडाला बांधावे आणि तंबू व तो दगड यांच्या मध्ये, दोरीवरच, एक मोठा दगड ठेवावा; दोरी ओढली गेली की लहान दगड मोठ्या दगडाला मागून अडतो आणि पकड अधिकच घट्ट होते. जांभ्याचा पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे बारीक दोरी घासून तुटू शकते, म्हणून दगडाला बांधण्यासाठी जाड दोरीचे वेगळे तुकडे सोबत ठेवावेत. दगड हाताने उलथण्यापूर्वी काठीने हलवून पाहावा, कारण फुरसे आणि विंचू अशाच दगडांखाली आसरा घेतात. सकाळी दगड होते तेथे परत ठेवावेत.

माती खोल असेल तेथे मेख सरळ उभी न ठोकता तिचे डोके तंबूपासून दूर कललेले ठेवावे, म्हणजे दोरीशी साधारण काटकोन होतो. दोरी फार आखूड ठेवल्यास ती मेखेला वर उपटते. जागा असेल तर दोरी लांब सोडून मेख दूर ठोकणे चांगले.

दुसरी चूक क्रमाची आहे. आधी काठी उभी करून मग कोपरे ओढत बसल्यास तळ तिरका होतो आणि कापडाला पडलेल्या सुरकुत्या नंतर कितीही ताणले तरी जात नाहीत. दार बंद करून प्रथम चारही कोपरे चौकोनात, थोडे सैल रोवावेत, मग काठी आत घालावी आणि शेवटी समोरासमोरच्या दोऱ्या आळीपाळीने ताणाव्यात. काठीची उंची तंबूसोबत सांगितलेली असते, बहुधा 120 ते 130 सेंटिमीटरच्या आसपास. ती अंदाजाने न ठरवता काठीवरील आकडे पाहून लावावी. काठी फार उंच झाली तर कापडाची खालची कड जमिनीपासून उचलली जाऊन वारा व पाऊस आत शिरतो. मऊ, ओल्या मातीत काठीखाली चपटा दगड ठेवावा, नाहीतर ती हळूहळू रुतून छत सैल पडते.

छत सैल पडण्याचे आणखी एक कारण म्हणजे नायलॉन. हे कापड ओलसर झाले की लांबते, त्यामुळे संध्याकाळी घट्ट वाटलेला तंबू मध्यरात्री पोटात झुकलेला दिसतो. झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्यात. रात्री पावसात बाहेर पडणे शक्य नसेल तर आतूनच काठी दोन-तीन सेंटिमीटर वाढवावी. पिळून घट्ट होणाऱ्या काठीत माती गेली असेल तर ती भाराखाली घसरते, म्हणून निघण्यापूर्वी तिचे भाग वेगळे करून पुसून घ्यावेत.

हिवाळ्यात छताच्या आतून पाणी ठिबकू लागले की तंबू गळतो असा समज होतो. एकपदरी तंबूत ते बहुधा श्वासातील बाष्प असते. ओढ्याकाठचा सखल भाग टाळून थोड्या उंचावर, झाडांच्या आडोशाला तंबू लावल्यास आणि थंडी वाजली तरी हवेची झडप उघडी ठेवल्यास हा त्रास बराच कमी होतो. जागा निवडताना डोक्यावर वाळलेली फांदी नाही याचीही खात्री करावी. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नये, आणि कापणी झालेल्या भाताच्या खाचरात तंबू लावायचा असेल तर आधी शेतमालकाला विचारावे.